छातीभर पाणी

बोरटोल्याच्या तलावात त्या दिवशी शिंगाड्याची पहिली तोडणी होती, आणि पौर्णिमा वलथरे छातीइतक्या गार पाण्यात उभी राहून मोठमोठ्याने गात होती. गळा तिला देवाने दिलेलाच नव्हता. शेजारच्या बायकांनी दोनदा सांगून पाहिलं आणि मग तिचा नाद सोडला.

तिच्या आनंदाला कारणही तसंच होतं. गेली कित्येक वर्षं तिचा रक्तदाब एकाही गोळीला भीक घालत नव्हता. त्याने किडन्या पोखरत आणल्या होत्या, आणि साकोलीच्या डॉक्टरांनी 'आता डायलिसिसची मनाची तयारी ठेवा' असं सांगून टाकलं होतं. मग नागपूरच्या एका मोठ्या इस्पितळात नव्या उपचाराची चाचणी सुरू झाली आणि तिचा नंबर लागला. श्रावणात डॉक्टरांनी तिच्या हृदयाला लागून असलेल्या मोठ्या शिरेत नखाएवढी एक पाकळी बसवली. जिवंत पेशींची पाकळी! तेव्हापासून पाकळीवर नजर ठेवणारं मनगटावरचं कडं रोज हिरवा दिवा दाखवत होतं आणि पौर्णिमा तो दिवा अख्ख्या गावाला दाखवत होती.

आनंदाला आणखी एक कारण होतं, पण ते ती कुणाला सांगत नव्हती. बोरटोल्याच्या ढिवरांचा, म्हणजे तलावावर जगणाऱ्या मासेमारांचा, एक जुना दंडक आहे. तलाव सगळ्या सोसायटीचा, पण शिंगाड्याचे वाटे घरागणिक, आणि वाटा त्याचाच जो स्वतः पाण्यात उतरेल. मजूर लावायचा नाही, बदली माणूस धाडायचा नाही. दोन हंगाम कुणी उतरलं नाही की वाटा शेजारच्याला जातो. पुन्हा कधी स्वतःच्या पायांनी उतरलं, तर परत मिळतो. पौर्णिमेच्या शेजारचा वाटा तिच्या थोरल्या विधवा जावेचा, रेवंताचा. वेल तिथे असा फोफावायचा, की पाणी दिसू नये. पण रेवंताच्याही किडन्या बसत चालल्या होत्या. पाय सुजलेले, दम लागलेला, ती पाण्यात उतरणार कशी? यंदा लावणीच्या दिवशी तिचा वाटा पौर्णिमेकडे आला आणि त्याच दिवशी रेवंताने तिच्याशी बोलणं टाकलं. अंगण एक, चुली दोन, आणि दोघींमधून विस्तव जात नव्हता. पौर्णिमेने स्वतः खटपट करून रेवंताचं नाव पाकळीसाठी नोंदवलं होतं. पुढच्याच आठवड्यात तिला नागपूरला जायचं होतं. तो निरोपसुद्धा हेमराजमार्फत, म्हणजे पौर्णिमेच्या नवऱ्यामार्फत, गेला होता.

पहिल्या तोडणीचा आणखी एक नेम होता: टोपली भरल्याशिवाय पाण्याबाहेर पाय ठेवायचा नाही. आता छातीभर पाण्यात उभं राहिलं की माणसाला सारखी लघवी लागते, हे बोरटोल्यात शेंबडं पोरही जाणतं. म्हणून त्या दिवशी बायका सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. त्यातूनही जे व्हायचं ते होतंच, पण ते तलावालाच ठाऊक, त्यावर कुणी बोलत नाही. पौर्णिमेला तर त्या सकाळी दोन वाटे तोडायचे होते.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा टोपली भरली. ती डोक्यावर घेऊन पौर्णिमा ताडताड बांध चढली, आणि चढता चढता गाणं मध्येच तुटलं. टोपली सुटली, शिंगाडे बांधभर पसरले आणि त्यांच्यावरच ती आडवी झाली. कड्याचा दिवा लालभडक होऊन किंचाळायला लागला. त्यानेच साकोलीला खबर दिली, आणि साकोलीहून उडत आलेली रुग्णवाहिका बांधावर उतरली तेव्हा तिच्या पंख्यांच्या वाऱ्याने निम्मे शिंगाडे परत तलावात गेले.

*

"पौर्णिमाताई, खरं सांगा, काय खाल्लंत? कुठली गोळी? काही काढा, मुळी, जडीबुटी?"

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इस्पितळात डॉक्टर अन्विता पोफळी तिच्या खाटेशी उभ्या होत्या. पाकळी ही त्यांची कल्पना, त्यांच्या दहा वर्षांच्या कष्टांचं फळ. बोलायला लागल्या की श्वास घ्यायला थांबत नसत, पण आज चेहरा उतरला होता.

"काई नाई खाल्लं मॅडम. घोटभर पाणीबी नाई पेली. शिंगाडे तोडत होती."

त्यांनी हातातला पडदा तिच्यासमोर धरला. त्यावरची रेघ काल सकाळपासून चढत चढत डोंगर झाली होती.

ती रेघ कशाची, हे पौर्णिमेला माहीत होतं. पाकळी बसवण्याआधी डॉक्टरांनी तिला सगळं समजावून सांगितलं होतं. हृदय म्हणजे नुसता पंप, असं आपण शाळेत शिकतो. पण त्याच्या वरच्या कप्प्यांच्या भिंतींत अशा पेशी असतात, की रक्त फार झालं, भिंत ताणली गेली, की त्या एक पेप्टाइड रक्तात सोडतात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटीशी माळ. या माळेत मणी अवघे अठ्ठावीस. ती किडनीला जाऊन सांगते, मीठ टाक. मिठामागोमाग पाणी जातं, रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. याच्या उलट सांगणारं दुसरं पेप्टाइडही शरीरातच तयार होतं. ते म्हणतं, मीठ धर, वाहिन्या आवळ. धडधाकट माणसात ही रस्सीखेच बरोबरीत राहते. पौर्णिमेच्या अंगात आवळणारं सदा जिंकत होतं.

"म्हंजे एक म्हणते सोड, दुसरी म्हणते सोडू नको. आमच्या अंगणासारखंच हाय," ती तेव्हा म्हणाली होती आणि डॉक्टर खो खो हसल्या होत्या.

पहिली माळ बाहेरून टोचून भागत नाही, कारण शरीरातली एन्झाइम्स तिचे तुकडे करून काही मिनिटांत तिला निकालात काढतात. म्हणून डॉक्टर पोफळींनी पौर्णिमेच्याच कातडीच्या पेशी घेतल्या, प्रयोगशाळेत त्यांना हृदयाच्या पेशींचं वळण लावलं आणि त्यांची पाकळी करून शिरेत बसवली. शिरेत ताण आला की पाकळी माळा सोडणार, ताण गेला की गप्प बसणार. आणि काल ही शहाणी पाकळी सकाळभर माळा सोडत सुटली होती.

"चाचणीच्या समितीचं म्हणणं आहे, पाकळी फुटली, ताण नसतानाही माळा सोडतेय," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या ती काढायची. चाचणी बंद. पुढच्या सगळ्यांची नावं रद्द."

पौर्णिमा उठून बसली. "अन् माह्या जाऊबाईचं?"

"त्यांचंही."

"तिच्यापाशी दिवस नाई वो मॅडम! डायलिसिस तिच्या हृदयाले झेपत नाई, तुमीच सांगतलं होतं!"

डॉक्टरांनी हातातला पडदा बंद केला. तेवढ्यात हेमराज आत आला. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती; रुग्णवाहिकेत पौर्णिमेच्या अंगावरून उतरवलेले ओले कपडे त्यात कोंबलेले होते. खोलीत वास पसरला.

"हे कुठं वाळू घालू, मॅडम?" त्याने निरागसपणे विचारलं आणि आपला जुना शर्ट बाहेर काढून झटकला. पौर्णिमा तोडणीला तोच घालायची.

डॉक्टर पोफळी त्या शर्टाकडे बघत राहिल्या. खिशाच्या वरपर्यंत शर्ट हिरवागार होता, आणि तिथे सुतात आखल्यासारखी रेघ.

"हे काय आहे?"

"तलावातलं शेवाळ."

"खिशापर्यंत?"

"मंग? पाणीच तेवढं हाय."

"अहो, पण तुम्ही तर शिंगाडे तोडत होतात!"

पौर्णिमेला आता राग आला. "मंग शिंगाडे काय झाडाले लागते, मॅडम?"

डॉक्टर पोफळींनी लहानपणापासून शिंगाडे सीताबर्डीच्या हातगाडीवर उकडलेलेच पाहिले होते. तोडणारी माणसं नावेत बसून तोडत असतील, एवढीच त्यांची समजूत. त्या मटकन खाटेच्या कडेवर बसल्या, मग ताडकन उठल्या.

"किती वेळ उभ्या होतात?"

"टोपली भरेपर्यंत. पहिल्या दिवशी निघता येत नाई."

"आणि पाणी प्यायला नाहीत. मग एकदम बाहेर आलात, भराभर?"

"हाव."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला, तो इतक्या जोरात की हेमराज दचकला. "मी परीक्षेत लिहिलंय हे! पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे! अहो, माणूस छातीपर्यंत पाण्यात उभा राहिला की पाणी त्याचे पाय, पोट चहूकडून दाबतं. पायांतलं रक्त वर छातीत सरकतं. रक्त तेवढंच असतं, पण हृदयाला वाटतं, वाढलं! लघवी लागते ती त्यामुळेच. तुमच्या पाकळीलाही तेच वाटलं. तुम्ही उभ्या होतात तोवर ती किडनीला सांगत राहिली, टाक, टाक, टाक. अंगातलं पाणी आटलं. तरी तलावाने तुम्हाला चहूकडून धरून ठेवलं होतं म्हणून कळलं नाही. बांधावर चढलात, तो आधार सुटला, उरलंसुरलं रक्त पायांत उतरलं, आणि पडलात."

"म्हंजे पाकळी फुटली नाई?"

"फुटली नाही! तिने तिचं काम चोख केलं!" डॉक्टरांचे डोळे चमकत होते. मग आवाज खाली आला. "निदान मला तसं वाटतंय. समितीला नुसतं वाटून चालत नाही."

*

समितीचे प्रमुख प्राध्यापक देशकर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच परीक्षा मान्य केली. इस्पितळात व्यायामाचा एक हौद होता, छातीभर खोल. पौर्णिमेने त्यात उतरायचं. पाण्यात रेघ चढली आणि बाहेर येताना उतरली, तर पाकळी शाबूत. बाहेर येऊनही चढतीच राहिली, तर पाकळी फुटलेली. पण तसं झालं आणि दाब कालच्यासारखाच दुसऱ्यांदा कोसळला, तर किडन्या कायमच्या बंद पडण्याची भीती होती. डॉक्टर पोफळींनी हे सांगितलं तेव्हा काहीही झाकून ठेवलं नाही. "मी तुम्हाला उतरा म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात तर मी एका शब्दाने बोलणार नाही."

त्या बाहेर गेल्या आणि हेमराजने दार लावून घेतलं.

"काई गरज नाई. पाकळी काढून टाक म्हण. गोळ्या खाऊ. पुढचं पुढं पाहू."

"अन् जाऊबाई?"

"थे तुह्याशी बोलते तरी काय?"

"बोलत नाई म्हणून मरू द्यावं काय तिले?"

हेमराज येरझारा घालायला लागला. पुढचं वाक्य त्याला जड जात होतं, पण बोलला. "अन् थे बरी झाली, तं पाण्यात उतरन. वाटा वापस जाईन. जिवाची जोखीम तुही अन् वाटाबी तुहाच जाईन. आपल्याच पायावर धोंडा मारून घेते काय तू?"

हे पौर्णिमेच्याही मनात येऊन गेलं होतं. तो वाटा तिला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. लावणीच्या दिवशी त्यात पहिलं पाऊल टाकलं तेव्हा तिला लाज वाटली होती आणि हरखायलाही झालं होतं, दोन्ही एकदम. काल तर गाणंच फुटलं होतं.

"तू पडली तवा थे बांधावरच बसली होती," हेमराज खिडकीकडे बघत म्हणाला. खोटं बोलणं आणि खरं लपवणं, दोन्ही त्याला जमत नसे. भांडणात तो नेहमी यामुळेच हरायचा. "तशा सुजल्या पायानं पळत आली. गाडी येईपर्यंत तुहं डोकं मांडीवर धरून होती. कोणाले हात लावू देल्ला नाई."

"काई बोलली?"

"नाई. नुसती रडत होती."

पौर्णिमेने डोळे पुसले आणि दार उघडून बाहेर डोकावली. "मॅडम! सही कुठं करू?"

*

हौदाचं पाणी कोमट होतं. तलावात जन्म काढलेल्या बाईला ते पाणी म्हणजे नुसते लाड वाटले. काठावर खुर्च्या मांडून समिती बसली होती, भिंतीवर मोठ्या पडद्यावर पाकळीची रेघ धावत होती. आज तिला आधी भरपूर पाणी पाजलेलं होतं. डॉक्टर पोफळी कपड्यांनिशी तिच्यासोबत हौदात उतरल्या.

गुडघाभर पाण्यात रेघ सपाट. कंबरभर पाण्यात ती जराशी थरथरली. पौर्णिमा छातीपर्यंत खाली गेली, आणि थोड्याच वेळात रेघेने मान वर काढली. चढली, आणखी चढली. काठावरच्या खुर्च्या एकेक करून पुढे सरकायला लागल्या.

"आता बाहेर," देशकर म्हणाले. "सावकाश."

पौर्णिमेने कठडा धरला आणि कंबरभर पाण्यात येऊन थांबली. रेघ चढतीच होती. कड्याचा दिवा पिवळा झाला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, पाय कापूस झाले. काठावरून हेमराजने "पौर्णिमे!" अशी हाक मारली. डॉक्टरांनी तिचा दंड धरला. "बस झालं. आडवं करू तुम्हाला."

"थांबा वो," पौर्णिमा दात आवळून म्हणाली. "तिले समजाले जरा येळ लागन का नाई? पाणी उतरलं हे आत्ताच समजलं तिले."

ती कठड्याला लटकून उभी राहिली. पडद्याकडे तिने पाहिलंच नाही, डोळे मिटून घेतले. मनात देव आठवायला गेली तर रेवंताच आठवली. मग काठावर खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

"उतरली! उतरली! बघा, उतरली!"

प्राध्यापक देशकर, वय वर्षं सत्तर, बुटांसकट हौदाच्या पायरीवर उभे होते आणि दोन्ही हात वर करून ओरडत होते. रेघ खाली येत होती, घसरगुंडीवरून यावी तशी सरळ. गुडघाभर पाण्यात ती निम्म्यावर आली, कोरड्या फरशीवर पौर्णिमा उभी राहिली तेव्हा जमिनीला टेकली. कड्याचा दिवा हिरवा! हेमराजने भिजलेल्या बायकोला सगळ्यांदेखत मिठी मारली आणि मग लाजून उगाच खिशात मोबाइल शोधायला लागला.

पण खरा धक्का पुढेच होता. डॉक्टर पोफळींनी श्रावणापासूनच्या सगळ्या नोंदी पडद्यावर लावल्या. मोठ्या डोंगराआधी रोज सकाळी एक छोटी टेकडी होती. इतके दिवस ती सगळ्यांनी यंत्राची खोड म्हणून सोडून दिली होती.

"सकाळी काय करायचात?"

"निंदणाले जाओ. येलातलं गवत काढाले. थोडाच येळ."

डॉक्टरांनी बाकीच्या रुग्णांचे आकडे शेजारी मांडले. पाकळी सगळ्यांना तीच, औषधं तीच. बाकीच्यांच्या किडन्या होत्या तिथेच थांबल्या होत्या, आणि पौर्णिमेच्या सुधारल्या होत्या! रोज ताण, रोज विसावा. पाकळी दिवसेंदिवस बळकट होत गेली होती. कोरड्या खोल्यांत बसलेल्या इतरांच्या पाकळ्या आळसावल्या होत्या. सगळे एकदम बोलायला लागले. चाचणी बंद करायची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही.

रेवंताला पाकळी बसली, पण तिचा पौर्णिमेशी अबोला काही सुटला नाही. नागपुरातल्या पोहण्याच्या तलावांत सकाळी रुग्णांच्या रांगा लागायला लागल्या. माणसं गळ्यात टॉवेल टाकून छातीभर पाण्यात उभी राहायची, राजकारणावर भांडायची आणि पायरी पायरीने सावकाश बाहेर यायची. बोरटोल्याच्या सोसायटीने सभा घेऊन टोपलीचा नेम मोडला. पाणी पिऊनच उतरायचं आणि लागेल तेव्हा बाहेर यायचं, असं ठरलं. वाट्याचा दंडक मात्र कुणी मोडला नाही.

*

पुढच्या वर्षी पहिल्या तोडणीच्या सकाळी पौर्णिमा आपला वाटा सोडून शेजारच्या वाट्यात तोडत होती. वेल यंदाही तसाच माजला होता. एकाएकी आसपासची बडबड थांबली, म्हणून तिने वर पाहिलं.

बांधावर रेवंता उभी होती. पायांची सूज उतरलेली, लुगडं खोचलेलं, मनगटावर कडं, तरंगायला रबरी ट्यूबवर बांधलेली टोपली हातात. इतके हंगाम ती बांधावर नुसती बसायची आणि गुमान बघायची. आज ती काठाशी वाकली, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं आणि उतरली. घोटाभर, गुडघाभर, कंबरभर. सगळ्या बायका तोडायच्या थांबून बघत होत्या. पौर्णिमेच्या छातीत धडधडत होतं आणि तिच्या कड्याने तसं दाखवलंही.

रेवंता वेल बाजूला सारत तिच्यापर्यंत आली आणि समोर उभी राहिली. पाणी दोघींच्या छातीला लागत होतं. रेवंताने तिला वरपासून पाण्यापर्यंत न्याहाळलं. तिने खाकरून घसा मोकळा केला.

"पौर्णिमे," ती म्हणाली, "माह्या वाट्यातून निघ."

"निघते नं जाऊबाई, निघते!" पौर्णिमा म्हणाली. दोन वाट्यांमधल्या बांबूच्या खुणेपलीकडे सरकताना तिला इतकं हसू फुटलं, की रेवंतालाही तोंड फिरवून हसावं लागलं.